जागा धरायला

धाकटीने ओळ उचलून ताईच्या खांद्याशेजारी ठेवली, मग बोटभर खाली घेतली. संगणकाच्या पडद्यावर ताई स्टुलावर बसली होती, फोटोच्या अगदी उजव्या कडेला. डावी बाजू अक्षरांसाठी मोकळी. फोटो काढताना ताई सारखी विचारत होती, "अजून सरकू का गं?" आणि दर वेळी सरकत होती.

प्रदर्शनाचा विषय होता घर सांभाळणाऱ्या बायका. पोस्टरवरचा मजकूर कुणी कवी देणार होता. तो अजून आला नव्हता. तोवर जागा धरायला काहीबाही टाइप करायची या डिझाइन स्टुडिओतली रीत. एरवी धाकटी 'इथे मजकूर येईल' असं लिहायची. आज बोटांनी लिहिलं : हिला कुणी बोलावलं नव्हतं.

स्टुडिओ चालवणारे सर मागे येऊन उभे राहिले. त्यांनी तळव्याने ओळ झाकली, मग उघडली.

"चेहरा बघ," ते म्हणाले. "ओळ झाकली की हसू मायेचं वाटतं. उघडली की चिकटून बसलेल्या माणसाचं. या ओळीला हात लावू नकोस. प्रदर्शनाची दर्शनी भिंत तुझी."

दर्शनी भिंतीसाठी धाकटी कधीची झुरत होती.

"सर, ते आपलं उगाच..." ती म्हणू लागली.

तेवढ्यात तिचा विसरलेला डबा घेऊन ताई दारात आली. आई गेली तेव्हाही ती अशीच आली होती, स्वतःचं नांदतं घर सोडून. मग राहिलीच.

"अगंबाई, मी! केस बरे दिसताहेत की." तिने चष्मा लावला. ओठ हलले. "हे कुणी लिहिलं?"

"कुणी नाही गं. जागा धरायला काहीही टाकतो आम्ही."

"काहीही," ताई म्हणाली. डब्याचं बूड पदराने पुसून तिने तो टेबलावर ठेवला.

"हीच ओळ ठेवावी म्हणतोय," सर म्हणाले. "हिचं नाव होईल. तुमची हरकत नाही ना?"

ताईने धाकटीकडे पाहिलं. धाकटी पडद्याकडे पाहत होती.

"माझी कसली हरकत? तिचं भलं होतंय ना." ती हसली, हुबेहूब फोटोतल्यासारखी. "जेवून घे गं वेळेवर."

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली.

"ओळीला जरा आणखी जागा हवी," सर म्हणाले.

धाकटीने फोटो उजवीकडे ओढला. ताईचा एक खांदा चौकटीबाहेर गेला.

"अजून सरकवू का?" तिने विचारलं.