नाकाजवळची फट

माझा हात शिलाईत चांगला आहे, हे आपण स्वतः सांगू नये, पण गिऱ्हाइकं सांगतात म्हणून सांगतो. दुसऱ्यांनी बिघडवलेले कोट शेवटी माझ्याकडे येतात. खांदा उतरलेला असो, बाही चढलेली असो, मी तो माणसात आणून देतो. त्याच हातानं मी माझ्या मुलीचे तीन महिने वाया घालवले.

मुलगी तेव्हा पावणेपाच वर्षांची होती. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली, त्यामुळे लाडाला तोटा नाही. घरात तिला मुंगी म्हणतो, कारण साखरेचा डबा कुठेही ठेवा, ती तिथे पोचते. शाळेत एक दिवस डोळे तपासायला माणसं आली आणि तिच्या दप्तरातून चिठ्ठी आली की डावा डोळा डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, काहीतरीच काय! पोरीला तिसऱ्या मजल्यावरून रस्त्यावरचं मांजर ओळखू येतं. तेही नुसतं मांजर नव्हे, कोणाचं मांजर ते.

"ते उजव्या डोळ्यानं," तपासून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. "डावा काहीच काम करत नाही."

डोळा वरून चांगला टपोरा होता. पण त्याचा नंबर पहिल्यापासून मोठा, त्यातून मेंदूला धूसर चित्र जायचं, आणि मेंदूनं कंटाळून त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं. नुसता चष्मा लावून भागणार नव्हतं. चांगल्या डोळ्यावर रोज सहा तास पट्टी लावायची, म्हणजे आळशी डोळ्याला झक मारत काम करावं लागेल.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी," मी म्हणालो.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "संन्यासी घरी बसल्याशिवाय तुमचा चोर कामाला लागणार नाही. आणि एक लक्षात ठेवा. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू वळतो, पुढे अवघड होत जातं. एक महिनासुद्धा फुकट घालवू नका."

त्यांनी चिकटपट्ट्यांची खोकी दिली. पट्टी थेट कातडीला चिकटवायची, वरून चष्मा. लावताना रडारड, लावल्यावर रडारड, आणि काढताना तर शेजारचे दार वाजवून विचारायचे, काय झालं म्हणून. चार दिवसांत मुंगीच्या गालावर आणि भुवईवर लाल चट्टे उठले. पाचव्या दिवशी पट्टीचं खोकं दिसताच ती दुकानातल्या कापडांच्या ताग्यांमागे जाऊन बसली. माझ्यानं बघवेना.

"डॉक्टरांनी दिलंय तेच लावू या," बायको म्हणाली. ती टपाल कचेरीत काम करते. ज्यावर जो पत्ता लिहिलाय तिथेच ते गेलं पाहिजे, अशी तिची शिस्त.

"मी शिंपी आहे की कोण आहे?" मी म्हणालो.

त्या दिवशी दुकानातलं सगळं काम बाजूला सारून मी चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी शिवली. बाहेरून काळं सुती कापड, आतून मऊ अस्तर, मध्ये जाड कॅनव्हास. उजेडासमोर धरून बघितलं, एक किरण आत येत नव्हता. वर लाल रेशमानं एक मुंगी भरली, सहा पायांची. पहिल्यांदा घातली तेव्हा नाकाच्या बाजूला जरा टोचली. मुंगीनं तोंड वाकडं केलं. मी लगेच तिथे कापून थोडी गोलाई दिली, एक बारीक फट राहील एवढी. लहान मुलांचं शिवताना हाताला सवयच आहे, माया जास्त सोडायची, कुठे घट्ट ठेवायचं नाही. पोरं वाढतात, हलतात, त्यांना टोचता कामा नये. हे मला माझ्या उस्तादानं शिकवलं आणि वीस वर्षांत एकाही आईनं तक्रार केली नाही.

मुंगीनंही केली नाही. उलट पट्टी घालून ती शहाण्यासारखी सहा-सहा तास दुकानात बसायची. चित्रं रंगवायची. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं म्हणायची, काय गुणी पोर आहे! मी म्हणायचो, पट्टी कोणी शिवलीय ते बघा. बोलताना ती मान जराशी उजवीकडे वळवून बघायची, कोंबडी दाण्याकडे बघते तशी. मला ते गोड वाटायचं. मी बायकोला तशी नक्कल करूनही दाखवली होती.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. मुंगी खुर्चीवर, आम्ही दोघं भिंतीला टेकून. डॉक्टरबाईंनी डावा डोळा तपासला, नोंद बघितली, परत तपासला.

"काहीच फरक नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी लावताय ना?"

"रोज सहा तास," मी म्हणालो. "एक दिवस खंड नाही." आणि खिशातून पट्टी काढून दिली. खरं सांगतो, त्या कौतुक करतील असं मला वाटलं होतं.

त्यांनी ती मुंगीच्या चष्म्यावर चढवली आणि समोरच्या तक्त्यावरची बारीक चित्रं दाखवली. मुंगीनं मान उजवीकडे वळवली आणि घडाघडा सांगितलं, घर, मासा, छत्री, सफरचंद. माझी छाती फुगली. मग डॉक्टरबाईंनी आपलं बोट तिच्या नाकाजवळच्या त्या फटीवर ठेवलं.

"आता सांग."

मुंगीनं मान अजून उजवीकडे वळवली.

"सांग की, बाळा."

"तक्ता कुठे गेला?" मुंगीनं विचारलं.

मला पायाखालची फरशी दिसत होती आणि वर बघायची हिंमत होत नव्हती. तीन महिने ती पोर मी ठेवलेल्या फटीतून चांगल्या डोळ्यानं जग बघत होती. तिची काही चूक नव्हती. दार उघडं असल्यावर माणूस भिंतीवर कशाला डोकं आपटेल? आणि मी, अतिशहाणा, लोकांना पट्टी दाखवत सुटलो होतो.

"शिवण सुंदर आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी हे टोमण्यानं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. "पण हिला पट्टी लागलीच नाही असं समजा. आजपासून पहिला दिवस."

बायको माझ्यावर तुटून पडेल असं मला वाटलं होतं. पडली असती तर बरं झालं असतं. ती मुंगीचा हात धरून चालत राहिली आणि अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "तिला टोचू नये म्हणून केलंत, ते मला माहीत आहे. पण आता टोचू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात मी स्वतः चिकटपट्टी लावली. कडा बोटानं दाबल्या, नाकाजवळची तर दोनदा. मुंगी रडली, मी लावून मोकळा झालो आणि कापायच्या टेबलाशी गेलो. टेबल तिच्यापासून चार पावलांवर आहे. मी कापडावर खडूनं आखत होतो.

"बाबा, तू कुठेयस?"

मला वाटलं, खेळतेय. मान वर केली तर ती माझ्याच दिशेला बघत होती. थेट माझ्या तोंडाकडे. आणि विचारत होती, "बाबा, तू गेलास का?"

तेव्हा मला कळलं. त्या आधी कळलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी सांगितलं, नोंद दाखवली, तक्ता दाखवला, पण डावा डोळा काम करत नाही म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं. चार पावलांवर उभा असलेला बाप तिला दिसत नव्हता. मी जाऊन तिला उचललं आणि पट्टी काढून टाकली. पाऊण तासही झाला नव्हता.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. लपवायची माझी लायकी राहिली नव्हती. ती म्हणाली, "उद्या ती रडली की तुम्ही बोलत राहा. दिसला नाहीत तरी ऐकू तर याल."

म्हणून मी बोलू लागलो. मी तसा तोंडाळ माणूस, पण दिवसभर बोलायचं म्हणजे घसा बसतो. आता मी बाही कापतोय, आता इस्त्री तापली, आता हा लठ्ठ गृहस्थ आला आणि त्याची विजार याही वर्षी त्याला होत नाही. लठ्ठ गृहस्थ समोरच उभे असायचे, पण जुने गिऱ्हाईक, हसून घ्यायचे. मुंगी टेबलाला धडकायची, स्टुलावरून पडायची, आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे करून यायची. एक बाई म्हणाल्या, "अरेरे, बिचारी!" मी त्यांचा ब्लाउज न शिवता परत दिला. बायकोला हे कळल्यावर ती म्हणाली की अशानं दुकानाला कुलूप लागेल. लागू दे म्हणालो.

आठवडाभरानं एक दिवस तिचं रडणं अचानक थांबलं. इतकं शांत झालं की मीच घाबरलो. बघतो तर ती टेबलाखाली बसलेली, मांडीवर एक काळी विजार. नाक कापडाला टेकलेलं. कापड पक्कं शिवायच्या आधी आम्ही लांब लांब कच्चे टाके घालतो, जागचं हलू नये म्हणून, आणि शिलाई झाली की ते ओढून काढतो. काळ्यावर पांढरा दोरा. तो तिला सापडला होता. बोटानं चाचपून, डोळा बारीक करून, ती एकेक टाका उपसत होती.

मी ओरडणार होतो, कारण त्या विजारीची पक्की शिलाई अजून व्हायची होती. माझी दोन तासांची मेहनत ती काढून फेकत होती. मी तोंड मिटून घेतलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"रस्ता," ती म्हणाली. "पांढरा आहे. मला दिसतो."

त्या दिवसापासून दुकानातले सगळे कच्चे टाके मुंगीचे. कात्री नाही, फक्त बोटं. पहिले पंधरा दिवस काळ्यावर पांढरा, मग निळ्यावर पिवळा. मग मी मुद्दाम चावटपणा करायला लागलो, चॉकलेटीवर लाल, करड्यावर पांढरा. ती चिडायची, "बाबा, हा दिसत नाही, तू खोटा दोरा घातलास." मी म्हणायचो, नसेल दिसत तर राहू दे, मी काढतो. की लगेच विजार छातीशी धरून पाठ फिरवायची. गिऱ्हाइकांची कामं उशिरा व्हायला लागली. विचारलं की मी सांगायचो, आमच्याकडे आता कारागीर वाढला आहे, जरा सावकाश काम करतो.

दीड महिन्यानं तपासणी झाली. मी बाहेरच थांबलो, बायको आत गेली. बाहेर येऊन तिनं एक बोट वर केलं. एक ओळ. तक्त्यावरची एक ओळ जास्त वाचता आली होती.

"एकच?" मी म्हणालो.

"डॉक्टर म्हणाल्या, शून्यावरून एकवर यायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. पुढे अजून वर्षभर तरी चालेल. आणि कच्च्या टाक्यांचं सांगितलं तर म्हणाल्या, छान आहे, थांबवू नका."

एक ओळ. मी ती घेऊन दुकानात आलो आणि कामाला लागलो. पण आत कुठेतरी धाकधूक होतीच की ही एक ओळ म्हणजे पोरीनं अंदाजानं काहीतरी सांगितलं असेल आणि ते बरोबर निघालं असेल. त्या तीन महिन्यांची भरपाई एका ओळीनं होते का? तेवढ्यात मेंदूचं दारच बंद झालं असेल तर?

त्यानंतर महिन्याभरानं एक वकील आपला काळा कोट न्यायला स्वतः आले. कोट घाईचा होता. पांढऱ्या दोऱ्याचे तंतू काळ्या कापडावर राहतात आणि हे वकील भिंगातून बघणारे, म्हणून त्या कोटाला मी कच्चे टाकेसुद्धा काळ्याच दोऱ्यानं घातले होते आणि स्वतः काढले होते. हा कोट मुंगीला दिलाच नव्हता. काळ्यावर काळा तिला कुठून दिसणार?

मी घडी घालत होतो. मुंगी पट्टी लावून टेबलाशी उभी होती.

"बाबा, एक राहिलाय."

"काही राहिलेलं नाही. हात नको लावू."

"राहिलाय. इथे."

वकिलांनी घड्याळ बघितलं. मी कोट खिडकीशी नेला. चष्मा चढवला, कॉलर उलटसुलट करून बघितली. काही नव्हतं. "नाहीये, बाळा," मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो. मग तिनं माझं बोट धरलं आणि कॉलरच्या खाली, अस्तराच्या कडेला नेऊन टेकवलं. बोटाखाली दोरा लागला. काळ्यावर काळा, एका नखाएवढा टाका. माझ्या चाळिशीतून सुटलेला.

मी स्टुलावर बसलो.

"काढा आणि द्या," वकील म्हणाले. "मला उशीर होतोय."

"पाच मिनिटं थांबा, साहेब," मी म्हणालो. "आणि हा मी नाही काढणार."

ते काहीतरी बोलणार होते, पण मुंगीनं कोट एव्हाना मांडीवर ओढला होता. पट्टीच्या कडेनं तिला घाम येत होता. तिनं मान सरळ ठेवली होती. पहिल्यांदा नख घसरलं, दुसऱ्यांदाही. वकिलांनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि वाकून बघू लागले. तिसऱ्यांदा टाका सुटला. दोरा चिमटीत धरून तिनं माझ्या तोंडासमोर आणला.

"दिसतोय का?" तिनं विचारलं.

मला दोरा दिसत नव्हता, तिची बोटं दिसत नव्हती, काहीच धड दिसत नव्हतं. मी डोळे पुसले नाहीत, कारण पुसले असते तर तिनं ते बघितलं असतं.

"दिसतोय," मी म्हणालो.

"मग रडतोस कशाला?" मुंगी म्हणाली.