सरळ रेषेत पन्नास मीटर

होसकोटे रस्त्यावरच्या त्या आंतरराष्ट्रीय निवासी शाळेत येऊन रंजिताला तीन आठवडे झाले होते, तरी पोहण्याच्या तलावातलं पाणी तिला अजून खोटंच वाटायचं. तिच्या माहितीतलं पाणी हिरवं, गार, पोटात काय आहे ते न सांगणारं. इथे निळ्या फरशा, दोऱ्यांनी आखलेल्या सहा पट्ट्या आणि भिंतीवर भलंमोठं घड्याळ.

शनिवारी हाउसांची रिले होती आणि कावेरी हाउसला चौथी मुलगी हवी होती. निवडीची अट होती: जाऊन येऊन पन्नास मीटर, अठ्ठेचाळीस सेकंदांच्या आत, आपली पट्टी न सोडता. ही जागा आपल्याला मिळावी म्हणून रंजिता इतकी उतावीळ झाली होती, की दुपारचं जेवण अर्धवट टाकून ती तलावावर आली होती.

शिट्टी झाली. तिने उडी मारली आणि जीव खाऊन हातपाय हाणले. वेग छान धरला होता, आणि एकदम दोरी गळ्याशी आली. डावीकडे वळत वळत ती शेजारच्या पट्टीत शिरली होती.

“बाद,” पोहणं शिकवणारे बसवंत सर म्हणाले. ते मूळचे बेळगावचे, त्यामुळे तिच्याशी मराठीतच बोलत. “वेग आहे गं तुला. पण निघालीस कुठं? हेडमास्तरांकडं?”

“सर, अजून एकदा.”

“सरी, ठीक आहे. दहा मिनिटांनी. शेवटचं.”

हाउसची कप्तान सुचेता टॉवेल घेऊन शेजारी येऊन बसली. ती पुण्याची, अकरावीतली. “पोहायला शिकलीस कुठे?”

“निपाणीला, अक्का. आमच्या विहिरीत. काकांनी पाठीला डबा बांधून ढकलून दिलं.”

“विहीर गोल आहे?”

“मग काय त्रिकोणी?”

सुचेता हसत सुटली. “अगं, म्हणजे आजवर तू फक्त चकराच मारल्यास.”

रंजिता हसली नाही. ती आठवत होती. मान वर, नजर उजव्या हाताच्या दगडांवर, दगड वळतील तसं वळायचं. इथे दगड नव्हते, पण अंग वळतच होतं. म्हणजे बघायला काहीतरी सरळ हवं. तसं एकच होतं, तळावरची काळ्या फरशांची रेघ. पण ती पाहायची तर तोंड पाण्यात घालायला हवं, आणि काका नेहमी सांगायचे, खाली बघू नको, घाबरशील.

“अक्का, तुझा पोहायचा चष्मा दे.”

“घे. सैल आहे पण, पाणी शिरेल.”

शिट्टी झाली. रंजिताने तोंड पाण्यात घातलं.

सगळं दिसत होतं. लख्ख तळ, त्यावर हलणारी उन्हाची जाळी, आणि तिची स्वतःची सावली रेघेवरून तिच्याबरोबर धावत होती. उजव्या डोळ्यात पाणी शिरलं. तिने तो मिटला आणि डाव्याने रेघ धरून ठेवली. रेघ संपली तिथे भिंतीला हात लावला, पाय रेटले आणि परत तीच रेघ. छातीत धडधड, कानात पाणी, आणि मध्येच श्वास घेताना कुणाच्या तरी टाळ्या. हात भिंतीवर आपटला.

सरांनी हातातलं घड्याळ दोनदा पाहिलं. “सत्तेचाळीस. आणि पट्टीतच. शनिवारी सात वाजता इथं हजर राहायचं.”

काठावरून वाकून सुचेता तिची पाठ बडवत होती.

“सर,” रंजिता धापा टाकत म्हणाली, “अजून एकदा जाऊ?”

“आता कशाला? झाली की निवड.”

“घाईत खालचं नीट बघायचं राहिलं.”