शेवट न सांगणारा भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. कडेला पोचे आलेला, राखाडी रंग उडालेला. पुस्तकांविषयी बोलायला मी योग्य आहे की नाही, हे मला अजूनही कळत नाही. मी आयुष्यात एकही पुस्तक उघडलेले नाही. पण मित्रांनो, गेल्या हिवाळ्यात माझ्या तोंडून एका गोष्टीच्या पुस्तकाची हाक गेली आणि पुढे जे झाले, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्रा वळवून मला धोतऱ्याच्या फुलाचा आकार दिला गेला. नागपूरच्या दुकानातून लटारूभाऊंनी मला कुरखेड्याकडच्या त्यांच्या गावी आणले. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आले की नाटकांचे दिवस सुरू होतात. लटारूभाऊ मला ऑटोच्या टपावर बांधत आणि गावोगाव फिरून नाटकाची जाहिरात करत. आमचा आवाज ऐकला की बाया हातातले सूप ठेवून रस्त्यावर येत.

लटारूभाऊंचा एक नियम होता. खून झाला, हे ते सांगत; खुनी कोण, हे कधीच नाही. ‘शेवट मंचावर’ एवढेच म्हणत. नाटक सुरू होई तेव्हा मी दूर, ऑटोवर असे. इतक्या नाटकांना मी माणसे बोलावली, पण एकाचाही शेवट मला ठाऊक नाही.

मग मोठाले साउंड बॉक्स आले. जाहिराती मोबाइलवर जाऊ लागल्या. मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो आणि माझ्या पोटात चिमणीने घरटे केले. मी तक्रार केली नाही. माझा आवाज घोगराच होता, लोकांनी किती दिवस सहन करावा?

लटारूभाऊंची नात दिव्यानी सहावीत होती. ती गोठ्यात बसून वाचायची, कारण तिथे तिला कोणी काही विचारत नसे. कुरखेड्याच्या वाचनालयाच्या रश्मी मॅडमनी गावात गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी ठेवली होती. त्या पेटीतली जवळजवळ सगळी पुस्तके दिव्यानीने वाचली होती. पण तिच्याशिवाय पेटीला कोणी हात लावत नव्हते. शेवटी मॅडमनी निरोप पाठवला की सोमवारी येऊन त्या पेटी नेतील आणि जिथे मुले वाचतात अशा गावाला देतील.

दिव्यानी रडवेली झाली. तिने मैत्रिणींना सांगून पाहिले की पुस्तके चांगली आहेत. मुलींनी विचारले, चांगली म्हणजे धड्यासारखी का? ती घरी येऊन आजोबांना म्हणाली, “आबाजी, मले वाचता येते, पन सांगता नाई येत.”

लटारूभाऊ उठले. त्यांनी चिमणीचे रिकामे घरटे अलगद काढले आणि मला पुसले. मित्रांनो, बॅटरीची वायर लागली तेव्हा मी नखशिखान्त थरथरलो!

रविवारी सकाळी ऑटो गावातून आणि शेजारच्या टोल्यांवरून, म्हणजे लहान वस्त्यांवरून, फिरला. मुलांनी संध्याकाळी येऊन पुस्तके न्यावीत, एवढेच सांगायचे होते. पण लटारूभाऊंच्या जिभेला जुनी सवय होती. “रसिक मायबापहो, आज सायंकाळी, आपल्याच गावात, समाजमंदिरासमोर, ‘जंगलात वाजली घंटा’! शाळेची घंटा चोरली कोनं? येताना बसायले बोऱ्या आना!”

संध्याकाळी पटांगण भरले. मुले होती, पण त्यांच्यासोबत आई, बाप, आज्या, सगळे आले होते. बोऱ्या अंथरल्या गेल्या. अंगावर चादरी होत्या. वच्छलाबाई तर लेकीला आणि जावयाला दुसऱ्या गावाहून घेऊन आल्या होत्या. समोर पडदा नव्हता. हार्मोनियम नव्हती. होती फक्त पुस्तकांची पेटी आणि तिच्यामागे लपलेली दिव्यानी.

“लटारूभाऊ, पडदा कुठी हाय?” कोणीतरी विचारले.

नाटक नाही, पुस्तक आहे, असे लटारूभाऊ खाली मान घालून म्हणाले.

“पुस्तक?” वच्छलाबाई उभ्या राहिल्या. “जावयाले बोलावलं, घरचा कोंबडा कापला, आन् तुमी पुस्तक दाखवता?”

जावई म्हणाला, कोंबडा चांगला होता, आता जे असेल ते ऐकू. लोक हसले.

दिव्यानीने पुस्तक उघडून तोंडासमोर धरले. तिला कोणी दिसेना, कोणाला ती दिसेना. माईक पुस्तकाच्या आत आला. तिचा आवाज इतका बारीक होता की मला भीती वाटली, माझ्या घोगऱ्या गळ्यात तो फाटेल. पण तो माझ्यातून निघाला आणि पटांगणाच्या टोकापर्यंत गेला.

गोष्ट अशी होती. एका शाळेची घंटा हरवते. आणि रोज दुपारी जंगलातून तिचाच आवाज येतो. तीन मुले आवाजाच्या मागावर निघतात. मोहाच्या झाडाला घंटा टांगलेली दिसते. जवळपास कोणी नाही, तरी ती वाजते आहे. तिला बांधलेली दोरी वर पानांत गेली आहे. मुले वर पाहतात...

लटारूभाऊंनी दिव्यानीच्या खांद्यावर हात ठेवला. तिला कळले. तिने पुस्तक मिटले.

मग वच्छलाबाईंनीच विचारले, “मंग झाडावर कोन होतं वो बाई?”

“पुस्तकात हाय,” दिव्यानी म्हणाली.

काय गर्दी झाली, मित्रांनो! त्या पुस्तकाची प्रत एकच होती आणि ती वच्छलाबाईंच्या नातीने आधीच छातीशी धरली होती. मग दिव्यानी प्रत्येकाला विचारू लागली, तुला काय आवडते? पोचूला भुताची भीती वाटत होती आणि भुताचीच गोष्ट हवी होती. त्याला तिने हसणाऱ्या भुताची दिली. मयुरीला पुस्तक धड्यासारखे असेल अशी शंका होती. तिला सर्कशीतून पळालेल्या हत्तिणीची मिळाली. दिव्यानी एकेक गोष्ट रंगवून सांगत होती आणि ऐन जागी थांबत होती. तिच्या हातात माईक नव्हता, तरी शेवटच्या बोरीपर्यंत ऐकू जात होते. मी तर तेव्हा बंद होतो. ती स्वतःच बोलत होती.

सोमवारी रश्मी मॅडम आल्या. त्यांनी पेटी उचलली आणि ती इतकी हलकी लागली की त्या दचकल्या. झाकण उघडले तर आत एकही पुस्तक नव्हते. त्या हसल्या आणि पेटी घेऊन गेल्या. ती नव्या पुस्तकांनी भरून परत आली.

आता सुटीच्या दिवशी मी ऑटोवर चढतो. माझी एकच विनंती आहे. गोष्ट आवडली तर गप्प बसू नका. ती दुसऱ्याला अशी सांगा की त्याने ती तुमच्या हातातून ओढून घ्यावी. आणि शेवट तेवढा कोणाला सांगू नका.

मला मात्र सांगा. त्या झाडावर कोण होते, ते मला अजून कळलेले नाही. गोठ्यात या, माझ्या तोंडाशी तोंड आणून हळूच सांगा. फक्त त्याआधी वायर काढलेली आहे ना, तेवढे बघा.