रसायनशास्त्रात प्रथम

वाशिमहून निघालेल्या एसटीत कोमल खिडकीशी बसली होती आणि ओढणीवरचा डाग जोरजोरात चोळत होती. लाजेने नाही, संतापाने.

सकाळी ती एका खाजगी पाणी तपासणी प्रयोगशाळेत मुलाखतीला गेली होती. बी.एस्सी., रसायनशास्त्र, कॉलेजात पहिली. तोंडी प्रश्नांची उत्तरं तिने धडाधड दिली. मग तिथल्या मॅडम म्हणाल्या, "छान. आता आत या, एक साधं टायट्रेशन करून दाखवा."

ओट्यावर काचेची उभी नळी लावलेली होती. ब्युरेट, द्रावण थेंब थेंब मोजून सोडायची. कोमलने तिची आकृती कितीदा काढली होती, एकेका भागाला नाव दिलं होतं. पण ती भरायची कशी, खालची चावी कुठल्या बोटाने फिरवायची, हे तिच्या हातांना माहीतच नव्हतं. तिने चावी फिरवली आणि सगळं द्रावण भसकन खाली आलं. थोडं तिच्या ओढणीवर, थोडं मॅडमच्या चपलेवर.

"हे कधी हातात धरलंय का तुम्ही?" मॅडमनी विचारलं. आवाजात चीड नव्हती. तेच जास्त लागलं.

"नाही," कोमल म्हणाली.

मॅडमनी तिची मार्कशीट पुन्हा पाहिली. प्रॅक्टिकलला जवळजवळ पैकीच्या पैकी. त्यांनी कागद परत दिला.

गाडीत तिला सगळं आठवत होतं. गावाजवळच्या फाट्यावरच्या तिच्या कॉलेजात प्रयोगशाळेला कायम कुलूप असायचं. सर फळ्यावर प्रयोगाची तयार रीडिंग लिहायचे, मुली जर्नलमध्ये उतरवायच्या. परीक्षेला बाहेरून परीक्षक यायचे, मटणाचं जेवण व्हायचं, सह्या व्हायच्या. तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा प्राचार्य विजयकुमार सर हसून म्हणाले होते, "मार्क मिळून राहिले ना? मग काहून डोकं शिणवतेस?"

आणि तिने तर मान मोडून अभ्यास केला होता. पहाटे उठून वडिलांच्या ढाब्यासाठी पीठ मळायचं, भाज्या चिरायच्या आणि चुलीच्या उजेडात समीकरणं घोकायची. मेहनत खरी होती. खोटं होतं ते बाकीचं सगळं. रिकामटेकडी असती तर एवढा राग आला नसता.

कनेरगाव नाक्यावर ती उतरली. ढाब्याच्या भिंतीवर कॉलेजचं नवं फ्लेक्स लागलं होतं आणि त्यावर तिचाच फोटो होता, हातभर मोठा. 'आमचा अभिमान. रसायनशास्त्रात प्रथम. प्रवेश सुरू.' तिचे वडील भागवत एका ट्रक ड्रायव्हरला बोट करून दाखवत होते.

फ्लेक्ससमोर एक बाई आणि तिची मुलगी उभ्या होत्या. बाईचं नाव चंदाबाई, मुलीचं सेवा. जवळच्या तांड्यावरून आल्या होत्या.

"तूच ना ही?" चंदाबाईने विचारलं. "माझ्या पोरीला सायन्स घ्यायचं हाय. तुझा फोटो पाह्यला अन् म्हणलं इथंच घालावं. चांगलं हाय ना कॉलेज?"

सेवा तिच्याकडे अशी बघत होती की कोमलला ते सहन होईना. ती मागे स्वयंपाकघरात गेली, कांदे चिरायची सुरी उचलली, प्लास्टिकच्या खुर्चीवर चढली आणि फ्लेक्स वरपासून खालपर्यंत टरकावलं.

"अगं ए! येड लागलं का?" भागवत धावत आले. "सगळा नाका बघून राहिला!"

"बघू द्या. खोटं हाय ते."

"खोटं कसं? मार्क तुझेच हाईत ना?"

"मार्क माझे, पण आज मला साधी नळी धरता आली न्हाई, बाबा! ज्या खोलीचे मार्क दिले, त्या खोलीत मी एकदा बी पाय ठेवला न्हाई."

"मग तवा काहून न्हाई बोलली?" भागवतांचा आवाज चढला. "मार्क घेताना गोड लागले. आता माझी इज्जत रस्त्यावर आणली."

 तिने सुरी टेबलावर आपटली.

 चंदाबाई पुढे होऊन म्हणाली, "पोरी, ती खोली मला दाखव."

"कुलूप हाय तिला."

"मग उघडाय लावू. मला पोरगी घालायची हाय, पाहून घेऊ दे."

तिघी चालतच कॉलेजला गेल्या. विजयकुमार सर कार्यालयात होते. कोमलला पाहून त्यांचा चेहरा फुलला. "या! फ्लेक्स आवडलं का?"

"फाडलं मी ते. या मावशींना प्रयोगशाळा बघायची आहे."

सरांनी आधी शिपाई रजेवर असल्याचं सांगितलं, मग रंगकाम चालू असल्याचं. चंदाबाई दारातच बसली. "रंग ओला आसंल तर हात लावत न्हाई आमी. निस्तं पाहतो." बाहेर प्रवेशासाठी आलेले आईबाप माना लांब करून बघायला लागले. शेवटी सरांनी खिशातूनच किल्ली काढली.

आत मंडपाच्या खुर्च्या रचल्या होत्या. जुने प्रचाराचे झेंडे, फाटक्या सतरंज्या. कोपऱ्यात लाकडी खोकी होती, खिळेही न काढलेली. कोमलने खुर्चीच्या लोखंडी पायाने एका खोक्याची फळी उचकटली. गवतात गुंडाळलेल्या काचा होत्या. कोऱ्या. तिने एक ब्युरेट काढली, बाहेरच्या नळावर धुतली, पाण्याने भरली आणि उभी धरली. चावी हळू फिरवली. एक थेंब पडला. मग दुसरा. दोनतीनदा चुकली, मग बोटांना समजलं. सेवाने हात पुढे केला, तिनेही चावी फिरवून थेंब पाडले.

"एवढंच होतं ते!" कोमल ओरडली. तिचा आवाज चिरकला. "तासाभराचं काम होतं, सर! तीन वर्षांत तेवढं पण जमलं नाही तुम्हाला?"

"हळू बोल," सर दाराकडे बघत म्हणाले. "असं कर, तूच ये इथं शिकवायला. मी तासिकेवर घेतो तुला."

"मी काय शिकवू? मला येत नाही म्हणून तर भांडायला आले!"

चंदाबाई उठली. "पोरीला रोज हिंगोलीच्या कॉलेजला सोडाय कोनी न्हाई माझ्याकडं, इथंच घालावं लागल. पन साहेब, हे कुलूप पुन्यांदा दिसलं तर मी तांडा घेऊन येईन."

पुढच्या आठवड्यात खुर्च्या व्हरांड्यात आल्या आणि खोली उघडी राहू लागली. शिकवायला मात्र कुणी नव्हतं. कॉलेजच्या पाहुण्यांच्या गाड्या ढाब्यावर जेवायला थांबायच्या बंद झाल्या. भागवतांनी भिंतीवरच्या फ्लेक्सच्या चिंध्या काढून टाकल्या. मग एका दुपारी शेवभाजीला फोडणी देता देता, तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "नांदेडला हे नळीचं काम हातानं शिकवत्यात म्हनं. खरं हाय का?"

"असेल."

"मग इथं काहून बसून राहिली?"

कोमलने पिठाचा हात धुतला आणि बॅग भरायला आत गेली.