खोबरेल लावलेली काडतुसं

रायफलमधून झाडल्यावर फुगलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणायचं साहेबांचं काम विश्वासरावांनी आखातातल्या मंगफ गावच्या आपल्या घरी मोठ्या तोऱ्यात आणलं. साहेब अबू बदर दुपारी यायचे होते, आणि पहिलीच पुंगळी साच्यात गच्च अडकली! कशीबशी उपसून काढली.

"बाबा, आई सोऱ्याला आधी तेल लावते," नववीतली रत्नमाला म्हणाली.

"हे इंजिनिअरिंग आहे, चकली नव्हे!"

दुसरीही अडकली. बाबा पक्कड शोधायला गेले तेव्हा रत्नमालेने उरलेल्या पुंगळ्यांना खोबरेलाचं बोट पुसलं. सगळ्या सुर्रकन आत, सुर्रकन बाहेर!

अबू बदरांनी एक पुंगळी उचलून हुंगली. आधी बाबांचं टक्कल पाहिलं, मग रत्नमालेच्या चपचपीत वेण्या.

"विश्वास, अगली दफा काम सीधा बच्ची को देगा!"