मी लाल का झालो?

मी बोलतोय. दचकू नका. मला तोंड नाही, आवाज नाही. आजवर जे बोललो ते हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांतच. मी संगणकातला एक प्रोग्राम आहे. जमिनीखाली खोलवर एक अवाढव्य पिंप आडवं ठेवलंय. त्याच्या पोटात कण एकमेकांवर आपटतात, नवे कण उडतात आणि त्यांच्या वाटा ते पिंप टिपून घेतं. सगळे त्याला डिटेक्टर म्हणतात. त्याने टिपलेलं भरवशाचं आहे की नाही, हे पाहणं माझं काम.

मला ज्या बाईने घडवलं तिचं टोपणनाव 'का-बाई'. कोणी काहीही सांगितलं की हिचा पहिला शब्द 'का?'. नावाचा तिला राग नव्हता. "निदान 'हो-बाई' तरी म्हणत नाहीत," असं म्हणून ती स्वतःच हसायची.

लहानपणी मी भलताच रडका होतो. का-बाईने मला चांगल्या दिवसांचे आलेख दिले होते आणि त्यापासून किती फरक चालेल याची मर्यादाही. ती मर्यादा इतकी आवळलेली, की खाली जरा उकडलं तरी मी लाल. शिफ्टवरची माणसं कंटाळून माझ्या पडद्यावर कोट टाकून ठेवायची. मग तिने मला सैल सोडलं, तर मी इतका निवांत झालो, की पिंपाचा एक अख्खा भाग बंद पडला तरी हिरवागार! त्या दिवशी तिने कपाळावर हात मारला.

त्यानंतर ती एकेक आलेख घेऊन माझ्याशी बसू लागली. हा इतका का हलतो? तो दुपारीच का चढतो? एका आलेखाचा चढउतार बाहेरच्या हवेच्या दाबाबरोबर होतो हे कळलं, तेव्हा ती खुर्चीतच गर्रकन फिरली. मला वाटलं, बाई घरी गेल्यावरही माझ्याच विचारात असणार.

तिची आई कधी कधी फोनवर विचारायची, "अगं, तू नक्की काम काय करतेस?"

"हिरवं की लाल ते ठरवते."

"म्हणजे चौकातल्या पोलिसासारखं?"

"तसंच गं. फक्त गाड्या दिसत नाहीत."

अशी मजेत चाललेली आमची गाडी एका दुरुस्तीनंतर अडली. कणांचा झोत पुन्हा सुरू झाला. एवढा छान झोत गेल्या कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. आमचे गटप्रमुख आप्पा तर मुलाच्या लग्नात असल्यासारखे मिरवत होते. हा हंगाम संपला की यंत्र लांबच्या दुरुस्तीसाठी बंद होणार होतं आणि ते पुन्हा सुरू होण्याआधी आप्पा निवृत्त होणार होते. त्यांच्या हातची ही शेवटचीच मोजणी. आणि नेमका तेव्हाच मी लाल झालो.

पिंपाचे संत्र्यासारखे भाग पाडलेले आहेत. त्यांना सगळे फाका म्हणतात. प्रत्येक फाक वेगळी पाहिली तर हिरवी. पण एका फाकेतून निघालेली कणाची वाट शेजारच्या फाकेत जोडली जाते का, हे दाखवणारा माझा आलेख लाल होता.

"मर्यादा थोडी सैल कर," आप्पा म्हणाले. "एकही फाक खराब नाही. या एका लालपायी दुरुस्तीनंतरचं सगळं बाद धरायचं का?"

"करते. पण हा लाल का झाला ते कळू दे."

"पोरी, मी तुला इथे आणलं. कधी काही मागितलंय का?"

का-बाईचा चेहरा पडला. तिने माझी मर्यादा खोडली. कर्सर लुकलुकत राहिला. मी वाट पाहत होतो. मग तिने तोच जुना आकडा पुन्हा लिहिला.

"आप्पा, मर्यादा वाढवली तर हा गप्प बसेल. पण खाली जे झालंय ते तसंच राहील."

आप्पा दाराकडे निघाले. ती मात्र एकेका कणाची वाट पडद्यावर काढत बसली. एक वाट एका फाकेतून निघाली, शेजारची फाक ओलांडून पलीकडच्या फाकेत उगवली आणि मग मागे वळून सुटलेल्या फाकेत आली.

"हा कण मधेच उडी कशी काय मारतो?" ती स्वतःशीच पुटपुटली.

दारात पोचलेले आप्पा थांबले. परत येऊन त्यांनी खिशातला चष्मा काढला. "दुसरी वाट काढ बघू." दुसरीनेही तीच उडी मारली. तिसरीनेही. आता दोघांची डोकी पडद्याला टेकायची बाकी होती.

"अगं, या दोन फाका जागा बदलून बसल्यात!" आप्पा ओरडलेच.

केबलचं काम पाहणाऱ्या ताई खाली जाऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "दुरुस्तीत या दोन फाकांच्या केबल्स एकमेकींच्या जागी लागल्यात. माझ्याच हातून झालं."

"एकही कण हरवला नाही ना? मग पेढे वाटायचे सोडून रडता काय!" आप्पा म्हणाले.

खरंच काही हरवलं नव्हतं. एकीचं टपाल दुसरीच्या दारात पडत होतं, इतकंच. का-बाईने फाकांचा नकाशा दुरुस्त केला आणि साठलेल्या सगळ्या वाटा पुन्हा जोडायला लावल्या. मी पिवळा झालो, मग हिरवा. माझ्या मर्यादेला कोणी हात लावला नव्हता.

आप्पा खुर्ची ओढून माझ्या पडद्यासमोर बसले. "मी सैल कर म्हणालो होतो."

"हो."

"ऐकलं नाहीस."

"नाही."

"बरं केलंस," म्हणत ते रुमाल शोधू लागले.

आता आप्पा निवृत्त झालेत. शेजारच्या पडद्यावर नवा प्रोग्राम आलाय. तो मर्यादा स्वतःच शिकतो. त्यालाही का-बाईच वळण लावते आहे. आज मला बंद करणार आहेत. त्याचं फारसं वाईट वाटत नाही. पण सकाळपासून त्या नव्या गड्याने एका आलेखाच्या कोपऱ्यात बारीकसा लाल डाग दाखवलाय. तोच आलेख मी पुनःपुन्हा पाहिला. मला तो हिरवाच दिसतो.

का-बाई माझ्याकडे पाठ करून त्या डागावर वाकली आहे. बटण दाबायला माणूस आलाय. बाई, उत्तर सापडलं तर जरा मान वळव आणि मोठ्याने सांग. तो डाग कशाचा आहे गं?