तीन मिनिटं एकवीस

भिंतीवरच्या घड्याळाशी माझी गल्लत करू नका. ते दिवसभर टिकटिकतं, आणि त्याच्याकडे बघतं कोण, तर मधल्या सुट्टीची वाट बघणारे. मी पीटीच्या तासाचं स्टॉपवॉच बोलतोय. माझ्याकडे लोक श्वास रोखून बघतात. थोडा गर्व आहे मला, आणि तो मी लपवत नाही.

कारखान्यातल्या एका खडूस कारागिराने मला पंधरा दिवस तपासलं, मगच बाहेर सोडलं. पुढची सगळी हयात पीटीच्या बाईंच्या गळ्यात गेली. माझं बटण दाबलं की असं खणखणीत ‘टक्’ व्हायचं, की दहा-बारा पावलांवर ऐकू जावं.

पीटी म्हणजे नुसतं हुंदडणं, असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते. गणिताचे सर तर परीक्षा जवळ आली की आमचा तास हक्काने मागायला यायचे. बाई त्यांना चहा पाजायच्या, तास द्यायच्या नाहीत.

नववीला बाई आधी नाडी मोजायला शिकवायच्या. अंगठ्याने धरायची नाही, कारण अंगठ्यालाही स्वतःचे ठोके असतात. पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचं. एकदा एका धष्टपुष्ट मुलाचे ठोके मिनिटाला वीस निघाले, तेव्हा बाई म्हणाल्या, की हा जिवंत आहे का ते आधी बघा.

मग आठशे मीटर, म्हणजे आमच्या मैदानाला चार फेऱ्या. वारा प्यालेल्या वासरासारखं पहिल्याच फेरीत सुटायचं नाही, शेवटासाठी दम राखायचा. धावून झाल्यावर धपकन बसायचं नाही, चालत राहायचं. आणि आपल्या जोडीदाराची वेळ आपण घ्यायची. वेळ घेणं हाही बाईंच्या लेखी अभ्यासच होता.

त्या वर्षी नववीत एक ठेंगणी, बारीक मुलगी होती. सगळे तिला मुंगी म्हणायचे. तिची जोडीदार घारी, घाऱ्या डोळ्यांची, वर्गात सगळ्यांत वेगवान. घारी शाळेच्या संघात केव्हाच गेली होती. आता एकच जागा उरली होती आणि अट होती तीन मिनिटं वीसच्या आत. मुंगीची सगळ्यांत चांगली वेळ होती तीन सव्वीस.

मुंगीला संघात जायचंच होतं. घरी तिच्याहून थोरल्या तीन बहिणी. त्यांचे कपडे, त्यांची पुस्तकं, त्यांचं दप्तर, सगळं उतरत उतरत तिच्यापर्यंत यायचं. संघाचा टी-शर्ट मात्र नवाकोरा मिळणार होता आणि पाठीवरचा नंबर तिचा स्वतःचा असणार होता.

निवडीच्या दिवशी बाई पलीकडे गोळाफेकीच्या मुलांजवळ होत्या. मी घारीच्या हातात होतो. मुंगी शेवटच्या फेरीत जीव खाऊन धावत होती. रेषा सहा-सात पावलं लांब असतानाच घारीने बटण दाबलं. टक्. तीन एकोणीस.

घारी वाईट मुलगी नव्हती. मैत्रिणीची माया अंगठ्यात उतरली, एवढंच. पण माझ्या तोंडावर तो आकडा तसाच थांबला होता, आणि तो कुणीच धावून मिळवलेला नव्हता. बाईंनी येऊन तो वहीत लिहिला, मुंगीची पाठ थोपटली. मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच मुंगी बाईंसमोर उभी राहिली. वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“बाई, टक् आधी ऐकू आलं. रेषा नंतर आली.”

“मग तुझी खरी वेळ किती?”

“माहीत नाही. परत धावू का?”

बाईंनी घारीला बोलावलं. त्यांनी काही विचारायच्या आतच ती रडायला लागली आणि तिने सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत. मैदानात गेल्यावर त्यांनी मला पुन्हा घारीच्याच हातात दिलं. तिचा तळवा घामाने ओला झाला होता.

मुंगी त्या दिवशी जशी धावली तशी कधीच धावली नव्हती. घारीचा अंगठा बटणावरच होता, पण आधी हलला नाही. मुंगीची छाती रेषेवर आली, तेव्हाच टक् झालं.

तीन मिनिटं एकवीस.

घारी मटकन खाली बसली. मुंगी मात्र शिकवल्याप्रमाणे चालत राहिली. धाप ओसरल्यावर आली, वाकून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

“एकवीस,” ती म्हणाली. “लिहा बाई. हे माझं आहे.”

जागा दुसऱ्या मुलीला गेली. बाईंनी वहीतला एकोणीस खोडला आणि शेजारी एकवीस लिहिला. माझ्या तोंडावर आजवर हजारो आकडे उमटले, पण त्या एकवीसइतका अभिमान मला कशाचाच नाही.

आता माझी स्प्रिंग थकली आहे. मिनिटामागे एक सेकंद मी मागे पडतो. म्हणून मला कपाटात ठेवलंय, आणि ते योग्यच आहे. नव्या बाई कधीतरी मला बाहेर काढतात, पुसतात, चालतंय का बघू म्हणून किल्ली द्यायला जातात. त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की प्रेमापोटीसुद्धा मला चालवू नका. आज मुंगी तशीच धावत आली तर मी तिला तीन अठरा दाखवीन, आणि ती ते घेणार नाही.